एका घोड्याच्या वाट्याला किती किलो

सासऱ्याच्या गाडीला ‘गोड’ म्हणण्याचा अधिकार जावयाला कोणत्या कायद्याने मिळतो, हे मला अजून कोणी दाखवून दिलेलं नाही. मांजराच्या पिल्लाला गोड म्हणावं. दुसऱ्याच्या बाळाला, त्याची आई समोर उभी असेल तर, म्हणावंच लागतं. पण जी गाडी ऐन तारुण्यात चढावर भल्याभल्यांना मागे टाकून गेली, जिच्या मागच्या काचेवर कंपनीने आपण होऊन लाल अक्षरांत ‘स्पोर्ट’ असं लिहून दिलं, तिच्या बॉनेटवर थोपटून ‘‘काय गोड आहे हो बाबा, अजून!’’ असं म्हणणं हा अपमान आहे. त्यातला ‘अजून’ तर शिक्षेस पात्र आहे.

जावई माणूस वाईट नाही. (मुलीने स्वतः निवडला आहे, त्यामुळे हे वाक्य मला वरचेवर म्हणावं लागतं.) दोघांची आमच्या गावी बदली झाली आणि मनासारखं घर मिळेपर्यंत दोघं आमच्याकडे राहायला आली. सोबत त्यांची नवी कोरी गाडी आली. तिचं नाव ‘झेप स्पोर्ट’. माझ्या गाडीचंही नाव ‘झेप स्पोर्ट’च. माझी पहिल्या पिढीची, त्यांची तिसऱ्या. मधली दुसरी पिढी आमच्याच इमारतीत, सोसायटीच्या सचिवांकडे आहे. म्हणजे आजोबा, वडील आणि नातू एकाच आवारात. सामान्य माणसाला परवडेल अशी वेगवान गाडी, ही या घराण्याची ख्याती. ‘परवडेल’ हा शब्द कंपनीचा. मी हप्ते भरत होतो तेव्हा घरात तो कोणी उच्चारत नसे.

आमच्याकडे प्रत्येक घराला पार्किंगची जागा एक. त्यामुळे आजोबा आत छपराखाली आणि नातू बाहेर रस्त्यावर, उन्हात. हे दृश्य मला सर्व दृष्टींनी योग्य वाटत होतं. लेकीला वाटत नव्हतं. एकदा जेवताना, माझा घास हातात असताना, तिने विषय काढला.

‘‘बाबा, आपली जुनी गाडी आता महिन्यातून किती वेळा निघते? भंगारवाले बरी किंमत देतात म्हणे. जागाही मोकळी होईल.’’

भंगार! भरल्या ताटावर! मी बायकोकडे पाहिलं. ती वाढत होती. तिने काही म्हटलं नाही. या बाईचं न बोलणं हा एक स्वतंत्र विषय आहे. तिच्या बोलण्याकडे मी पुढे येणारच आहे.

‘‘तसं नाही गं,’’ जावई समजूतदारपणे म्हणाला. (समजूतदार माणसांनी माझं फार नुकसान केलं आहे.) ‘‘त्या काळाच्या मानाने बाबांची गाडी चांगलीच होती. हॉर्सपॉवर किती हो बाबा?’’

‘‘पंच्याऐंशी.’’

‘‘अच्छा. आमच्या हिला दीडशे.’’ हे त्याने मीठ मागावं तशा सुरात सांगितलं. विषय संपला होता.

मी म्हणालो, ‘‘वजन किती?’’

‘‘कोणाचं?’’ त्याने पोटाकडे पाहिलं.

‘‘गाडीचं!’’

हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि इथेच जगाची फसवणूक होते. दीडशे घोडे जोडले आणि मागे डोंगर बांधला, तर घोडे काय करणार? उभे राहून विचार करणार. माझी गाडी सातशे ऐंशी किलोंची. तिच्यात चार चाकं, एक इंजिन, पाच सीटा आणि एक रेडिओ आहे. खिडकी हवी असेल त्याने आपल्या हाताने उघडावी. पुढच्या पिढीत खिडक्यांना मोटारी आल्या, दारांत लोखंड आलं, आणि तिसऱ्या पिढीत तर सीटच्या आत पाठ शेकण्याची सोय आली. शेकायला लावणारी गाडी आणि ‘स्पोर्ट’! कंपनी दर पिढीला घोडे वाढवते आणि त्यांच्या पाठीवर तितकंच सामान लादते. आमच्या ऑफिसात माणसं वाढवून त्यांच्यासाठी फायली वाढवत, त्यातलाच प्रकार.

जेवण झाल्यावर हात पुसून मी कागद घेतला. माझी सातशे ऐंशी भागिले पंच्याऐंशी: एका घोड्याच्या वाट्याला नऊ किलो आणि वर चिमूटभर. सचिवांची दुसरी पिढी हजार वीस किलो, एकशे दहा घोडे: तेही नऊ आणि वर थोडं. म्हणजे आख्खी एक पिढी गेली आणि घोड्याच्या आयुष्यात काडीचा फरक पडला नाही! मी विजयी मुद्रेने तिसरा भागाकार केला. बाराशे नव्वद भागिले दीडशे. साडेआठ आणि वर थोडं.

मी भागाकार पुन्हा केला. तोच आला. शाळेपासून माझा भागाकार चुकत आला आहे. नेमका त्या दिवशी बरोबर आला.

‘‘बघा बाबा,’’ जावई म्हणाला, ‘‘आमचे घोडे सुखी आहेत.’’

‘‘घोडे कागदावर पळत नाहीत,’’ मी म्हणालो. आवाज जरा चढला असावा, कारण वरच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर खाली डोकावले. त्यांना आमच्या घरात काय चाललंय हे विचारावं लागत नाही, ऐकू येतं. त्यांच्या साक्षीने ठरलं: आमच्या इमारतीमागे पाण्याच्या टाकीकडे सोसायटीचा खासगी रस्ता जातो. खडा चढ, एकच वळण, वर फाटक, रहदारी शून्य. रविवारी सकाळी दोन्ही गाड्यांनी एकामागून एक चढायचं, डॉक्टरांनी घड्याळ लावायचं. ज्याला कमी वेळ लागेल त्याची गाडी छपराखाली. मी हरलो तर भंगारवाल्याला मी स्वतः फोन करायचा.

‘‘बाबा, एवढं कशाला?’’ लेक म्हणाली.

‘‘आता माघार नाही,’’ मी म्हणालो. बायको उठून भांडी आवरायला गेली.

युद्धाची पहिली पायरी म्हणजे आपलं बळ मोजणं. कंपनीचा आकडा गाडीच्या बारशाच्या वेळचा. आज ती किती भरते? गाडी मोजायची तर मालट्रकांच्या वजनकाट्यावर जावं लागतं. तिथे खिडकीत एक कारकून बसला होता. माझ्यापुढे वाळूचा ट्रक, मागे सळयांचा. मधे माझी गाडी, बैलबाजारात आलेल्या शेळीसारखी.

‘‘माल काय?’’ कारकुनाने विचारलं.

‘‘माल नाही. गाडीचंच वजन करायचंय.’’

‘‘मालाशिवाय पावती निघत नाही. आधी भरलेली गाडी, मग रिकामी. दोन वजनं लागतात, त्याशिवाय संगणक पुढे जात नाही.’’

‘‘अहो, पण आत मी एकटाच आहे.’’

त्याने खिडकीतून मान बाहेर काढून मला नीट पाहिलं. ‘‘मग चालेल की. आधी बसून घ्या, मग उतरा. माल काय लिहू? वाळू, खडी, धान्य, भंगार, गुरं.’’

‘‘यातलं काहीच नाही!’’

‘‘साहेब, मागे लाइन आहे. भंगार टाकू?’’

त्या शब्दाने माझं डोकं फिरलं. ‘‘भंगार सोडून काहीही टाका!’’ मी ओरडलो. त्याने काहीही टाकलं. पावतीवर आलं: माल, गुरे, निव्वळ वजन, ऐंशी किलो. मी अठ्ठ्याहत्तर आहे. काटा वीस-वीस किलोंच्या उड्या मारतो असं त्याचं म्हणणं. गुरं म्हटल्याचा राग एकवेळ गिळला असता. वरचे दोन किलो मला अजून बोचतात.

पण खरा धक्का रिकाम्या गाडीचा होता. आठशे चाळीस! वयोमानाने साठ किलो वाढले कुठून? घरी येऊन डिकी उघडली आणि उलगडा झाला. दोन विटा, हँडब्रेक दगा देतो तेव्हा चाकामागे ठेवायच्या. घडीच्या दोन खुर्च्या. पाण्याचे भरलेले कॅन, इंजिन तापलं तर लागतात म्हणून. दुरुस्तीला न्यायची म्हणून ठेवलेली शिलाई मशीन, जी शेवटची चालली तेव्हा लेक शाळेत होती. आणि सगळ्याच्या तळाशी, ज्याच्या चोरीचा आळ मी सगळ्या घरावर घेतला होता, तो माझा हातोडा.

हे सगळं मी पार्किंगमध्ये मांडून ठेवलं आणि तासाभरात सगळी इमारत सल्ला द्यायला जमली. आपल्या लोकांकडे पैसे मागा, रस्ता बदलतील. सल्ला मागू नका, तरी मुक्काम करतील. एकाने सांगितलं, पेट्रोल फक्त तळाला ठेवा. दुसऱ्याने सांगितलं, टाकी भरून ठेवा, पेट्रोल चढात मागे सरकून चाकं दाबतं. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी गाडी धुवायला सांगितली, मळाचंही वजन असतं म्हणून. डॉक्टरांचं मत पडलं की धुवू नका, पाणी मुरतं. सचिव मात्र दूर उभे राहून हसत होते. त्यांची दुसरी पिढी ना धड हलकी ना धड जोरकस. असल्या माणसांना तटस्थ राहणं सोपं जातं.

बायको गच्चीत कपडे वाळत घालत होती. तिथूनच म्हणाली, ‘‘वजन कमी करायचंय ना? मग ड्रायव्हरपासून सुरुवात करा.’’

सगळी इमारत हसली. मी हसलो नाही. आणि त्या रात्री जेवलोही कमी. निषेध म्हणून, असं मी जाहीर केलं होतं.

मग मेकॅनिक आला. हा आमचा जुना मेकॅनिक. त्याला काहीही सांगा, तो ‘‘होऊन जाईल’’ म्हणतो. इंजिनाचा आवाज येतो म्हटलं तरी होऊन जाईल, आवाज येत नाही म्हटलं तरी होऊन जाईल. मी त्याला विचारलं, ‘‘पंच्याऐंशीतले घोडे आता किती उरले असतील?’’

त्याने इंजिन चालू करून डोळे मिटून ऐकलं. ‘‘असतील सत्तरेक.’’

‘‘आणि बाकीचे?’’

‘‘साहेब, वय झालं. बसून असतील. प्लग बदलू, कार्बोरेटर साफ करू, उठवू त्यांना. होऊन जाईल.’’

प्लग बदलले. स्टेपनी, जॅक, मागची सीट, पायाखालचे गालिचे, रेडिओ, सगळं निघालं. मागची सीट घरात आणली तर लेक म्हणाली ‘‘आता हिला कुठे ठेवू, डोक्यावर?’’ म्हणून जिन्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी जिन्यातच सचिवांची नोटीस चिकटली: सामाईक जागेत फर्निचर ठेवू नये. मी लेखी उत्तर दिलं की ते फर्निचर नसून वाहनाचा भाग आहे. त्यांचं लेखी उत्तर आलं की वाहनाचा भाग असल्यास पार्किंगमध्ये ठेवावा. मी पार्किंगमध्ये ठेवला. तिसरी नोटीस आली: एका घराला एकच वाहन, आपण सध्या दीड ठेवले आहे. सचिवांच्या बुद्धीवर गंज चढलेला नाही, एवढं कबूल करतो. शेवटी सीट आमच्या बैठकीत आली, आणि दुपारी बायको तिच्यावर पाय पसरून वाचत बसू लागली. ‘‘इतकी वर्षं मागे एवढी आरामशीर जागा होती,’’ म्हणाली, ‘‘आणि मी पुढे जीव मुठीत धरून बसत होते.’’

शनिवारी मी अखेरचा हिशेब मांडला. गाडी एकटी पळत नाही, ड्रायव्हर धरावा लागतो. माझे अठ्ठ्याहत्तर, जावयाचे नव्वद. (विचारल्यावर त्याने आनंदाने सांगितले. या पिढीला लाज नाही.) कंपनीच्या मूळ आकड्यांनी भागाकार केला, आणि बरोबरीत यायला किती किलो कमी व्हायला हवेत ते काढलं. उत्तर आलं शहात्तर.

शहात्तर! म्हणजे शुद्ध गणिताचं म्हणणं असं की गाडी बरोबरी साधू शकते, फक्त मी तिच्यात नसावं. घरात मला हे निरनिराळ्या शब्दांत पूर्वी ऐकवण्यात आलं होतं. पण गणिताकडून अपेक्षा नव्हती.

काढलेल्या सगळ्याची बेरीज घरच्या वजनकाट्यावर केली. अजून सतरा किलो कमी पडत होते. गाडीत आता स्टिअरिंग, माझी सीट आणि माझ्या शेजारची सीट, एवढंच उरलं होतं. मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं. मी शेजारच्या सीटकडे पाहिलं.

‘‘चार बोल्ट आहेत,’’ तो म्हणाला. ‘‘होऊन जाईल.’’

वजन केलं. बरोबर सतरा. नियतीची खूण याहून स्पष्ट कशी असते? ती सीट आम्ही गच्चीतल्या खोलीत चादरीखाली ठेवली. चादर का घातली, हे मी स्वतःला विचारलं नाही.

रविवारी सकाळी चढाच्या पायथ्याशी सगळी इमारत हजर होती. डॉक्टर घड्याळासह वर फाटकाशी, सचिव खाली रुमाल घेऊन. मी गाडीत बसलो, इंजिन चालू केलं. उठलेले सगळे घोडे एकदम खोकले. आणि तेवढ्यात बायको आली. ठेवणीतली साडी, खांद्याला पर्स, हातात पाण्याची बाटली. सरळ माझ्या शेजारचं दार उघडून तिने एक पाय आत ठेवला.

आत जमीन होती. आणि चार भोकं.

तिने भोकांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, ‘‘बरं.’’

दार हलकेच लावलं. तिने दार आपटलं असतं तर बरं झालं असतं. ती तशीच जावयाच्या गाडीकडे गेली. जावई धावत उतरला, पुढचं दार उघडून अदबीने उभा राहिला. पुढे बसलेली लेक मागच्या सीटवर गेली. बायको पुढे बसली, पट्टा लावला, पर्स मांडीवर घेतली. नातवाचं वजन एका क्षणात साठ-बासष्ट किलोंनी वाढलं, वर लेकीचे पन्नास. मी मनात भागाकार करायला हवा होता. पण नाही झाला.

सचिवांनी रुमाल खाली केला आणि मी सुटलो. काय सांगू! मागे काही नाही, शेजारी काही नाही. गाडीत नुसता आवाज होता, रिकाम्या डब्यात खडे हलवल्यासारखा. वळण मी असं घेतलं की सकाळचा चहा दुसऱ्या बाजूला गेला. आजवर या वळणावर शेजारून एक वाक्य येत असे. आलं नाही. फाटक आलं, डॉक्टरांनी हात खाली केला, मी थांबलो. अभिमानाने शेजारी वळलो. शेजारी भोकं होती.

मग जावई निघाला. दीडशे घोडे. मी वरून पाहत होतो. पहिल्या दहा पावलांत गाडीने अशी झेप घेतली की मी फाटक घट्ट धरलं. आणि एकदम तिचं नाक खाली दबलं. ब्रेक! पुन्हा निघाली. पुन्हा दबलं. वळणाच्या कितीतरी आधी गाडी बैलगाडीच्या चालीवर आली, वळण एखाद्या वरातीसारखं पार पडलं, पुढे सरळ रस्ता असूनही ती तशीच, अदबीने, वर आली.

‘‘नऊ सेकंदांनी आजोबा पुढे!’’ डॉक्टर ओरडले.

खालची मंडळी धापा टाकत वर आली, टाळ्या पडल्या. काकू म्हणाल्या, ‘‘मी म्हटलं होतं, धुवा.’’ मी तिथेच फाटकाला टेकून लोकांना वजन आणि शक्तीचं नातं समजावून सांगू लागलो. जावई घाम पुसत उतरला. त्याच्या चेहऱ्यावर हरल्याचं दुःख नव्हतं. सुटल्याचा आनंद होता.

‘‘झालं काय गाडीला?’’ सचिवांनी विचारलं.

लेकीने उत्तर दिलं. ‘‘गाडीला काही नाही झालं, काका. आई होती पुढे. ‘अहो, हळू. अहो, वळण आहे. अहो, कुत्रं आहे.’ याने विचारलं, कुठे आहे हो आई? तर म्हणे, असेल.’’

‘‘त्यांनी डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला होता,’’ जावई म्हणाला. ‘‘आई हळू म्हणताहेत म्हटल्यावर मी दाबणार कसा?’’

लोक हसत हसत पांगले. परत निघायची वेळ आली तेव्हा विजयी वाहनात कोणालाच बसायला जागा नव्हती, म्हणून सगळे पराभूत वाहनातून पाठ शेकत गेले. मी एकटा उतरलो. चढ जिंकणाऱ्याला उतारावर कोणी विचारत नाही.

घरी बायको मागच्या सीटवर पाय पसरून बसली होती. मी कागद घेऊन समोर गेलो. ‘‘शेवटी गणित खरं ठरलं,’’ म्हणालो. ‘‘त्या सतरा किलोंनी काम केलं.’’

तिने चष्म्यावरून पाहिलं. ‘‘जावईबापूंच्या गाडीत सासू बसली की ते वीसच्या वर जात नाहीत. लग्नात स्टेशनहून आणायला आले होते, तेव्हाच पाहिलंय मी.’’

‘‘म्हणजे तू मुद्दाम...’’

‘‘मग काय तुमच्या भागाकारावर सोडू गाडी?’’ ती म्हणाली. ‘‘मला प्रसूतीला त्याच गाडीतून नेलं होतं तुम्ही. भंगारात देतायत! तुमच्या शेजारी बसून तुम्हाला कुत्री-मांजरी न दाखवता वर पोचवायचं, आणि मग चालत खाली येऊन पुढच्या फेरीला त्यांच्या गाडीत बसायचं, असंच ठरवून आले होते. शपथ घेतली होती, तोंड उघडणार नाही म्हणून. तर तुम्ही आधीच माझी सीट उपटून मोकळे.’’

मी कागदाची घडी घातली. घडी खिशात टाकली.

‘‘इतकी वर्षं मी हळू म्हणते,’’ ती म्हणाली, ‘‘तुम्ही कधी ऐकलंत? परक्याच्या मुलाने एकदाच ऐकलं, तुम्ही जिंकलात. आता चादर काढा आणि सीट लावा.’’

चादरीचं तिला कसं कळलं, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

त्या दुपारी मी स्वतः सीट बसवली. मेकॅनिकला बोलावलं नाही. काही कामं ‘होऊन’ जात नाहीत, करावी लागतात. संध्याकाळी आम्ही दोघं निघालो, टाकीच्याच रस्त्याने. गाडी सतरा अधिक साठ-बासष्ट किलोंनी जड झाली होती, घोडे पुन्हा बसायला आले होते. वळण आलं. शेजारी दोन्ही हात डॅशबोर्डावर गेले.

‘‘अहो, हळू.’’

मी ब्रेक लावला. तिचं ऐकलं म्हणून नव्हे. कुत्रं होतं.